सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बसली: कॉम्पॅटिबल घ्यायची की आतले सेल बदलायचे?

माझं काम भाडेकराराचं. लोकांच्या घरी जाऊन ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स नोंदवून द्यायचं, सॅकमध्ये लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन आणि नेटचं डोंगल, आणि ही सगळी वरात स्कूटरवरून पुण्यात धनकवडी ते वाघोली फिरवायची. असल्या कामाला नवा कोरा लॅपटॉप घ्यायची माझी तरी छाती होत नाही, त्यामुळे मी कायम सेकंडहँडच घेतो, ते कंपन्यांमधून लीज संपून निघालेले १४ इंची दणकट येतात ना, त्यातले. सध्याचा २०१४ चा आहे. एसएसडी टाकली, रॅम वाढवली, कीबोर्ड असा की नवीन लॅपटॉपवर टाइप करायला नको वाटतं. दुकानदार म्हणाला, "बॅकअप दीड तास आरामात, साहेब." घरी आणून चार्जर काढला तर २२ मिनिटं. त्यात दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, सेकंडहँडमध्ये बॅटरी गेलेलीच आहे असं धरून भाव करायचा असतो, मी तो केला नाही ही माझी चूक.

तर दोन वर्षांत मी याच लॅपटॉपला दोन्ही प्रकार करून बसलोय. आधी बाजारातली कॉम्पॅटिबल बॅटरी, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली पण त्याच मॉडेलला बसणारी, मग ती वैतागून फेकल्यावर ओरिजिनल खोक्यातले सेल बदलून घेतले. बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. हे लॅबमधलं टेस्टिंग नाही हो, एका माणसाचा एका मशीनवरचा अनुभव आहे, तुमचं मॉडेल वेगळं असेल तर गणित बदलू शकतं.

पहिली गोष्ट, तुमची बॅटरी खरंच गेलीय का ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टला पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाकलं की एक रिपोर्ट तयार होतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात, मिलीवॉट-तासांत. माझ्याकडे पहिला ४७,५२० होता आणि दुसरा १३,९००. म्हणजे तीस टक्केसुद्धा जीव नाही, आणि तो तेवढाही धड देत नव्हती. निम्म्याच्या वर असेल तर मी म्हणेन अजून थोडं ढकला. आणि बॅटरी फ्रीजमध्ये ठेवा, तीनदा पूर्ण संपवून भरा, असले उपाय कोणी सांगितले तर हसून सोडून द्या, लिथियमचे सेल म्हातारे झाले की झाले, ते परत तरुण होत नाहीत.

दुसरी, बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलाय, बॉडी टेबलावर डुगडुगतेय, तर हा लेख बंद करा आणि आधी ती बाहेर काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबून बसवायची नाही, "चालतंय तोवर चालवू" म्हणायचं नाही.

ओरिजिनलचं काय, हा प्रश्न येणारच. माझ्या मॉडेलची ओरिजिनल आता नवीन बनत नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागच्या बाजूला चार दुकानं फिरलो, एकाकडे सीलबंद मिळाली, साडेचार हजार म्हणाला, लेबलवर बनवल्याचं साल बघितलं तर २०१६. खोक्यात पडून राहिली तरी बॅटरी म्हातारी होतेच, त्यातून ती कुठल्या माळ्यावर कुठल्या उन्हात किती वर्षं पडून होती देव जाणे. साडेचार हजारांत जुनं लोणचं नको म्हणून निघालो. तुमचा लॅपटॉप चार-पाच वर्षांचाच असेल आणि कंपनीकडे ताजी मिळत असेल तर मात्र डोळे झाकून तीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

आणि बॅटरी काढून नुसता अ‍ॅडॅप्टरवर चालवणं, हाही एक पर्याय आहे. घरी टेबलावर काम करणाऱ्याला चालेल. फक्त आपल्याकडे गुरुवार असतो, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य सामना.

कॉम्पॅटिबल बॅटरी मी ऑनलाइन मागवली, चौदाशेला, विक्रेत्याचं नाव सांगण्यात काही हशील नाही कारण एकच माल दहा नावांनी विकला जातो असा माझा संशय आहे. दोन दिवसांत घरी आली, जुनी काढली, नवी खटकन बसली, लॅच एकदम घट्ट. रिपोर्टमध्ये फुल चार्ज ४७ हजारांच्या वर, सायकल काउंट, म्हणजे किती वेळा चार्ज झाली तो आकडा, शून्य. पहिला महिना तर मी ज्याला त्याला सांगत सुटलो की उगाच लोक घाबरवतात, कॉम्पॅटिबल मस्त असते. अडीच-पावणेतीन तास देत होती. मला त्याच्या वर लागतच नाही, एका घरी फार तर पाऊण तास.

गंमत चौथ्या महिन्यात सुरू झाली. कोथरूडला रिकामा फ्लॅट, नवा भाडेकरू यायचाय म्हणून मालकांनी मेन स्विच बंद करून ठेवलेला, पंखा नाही, प्लग नाही, खिडकीत लॅपटॉप ठेवून काम. मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या. त्या वयात अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन काही केल्या घेत नाही, मग हात धुवून आणा, पुसा, जरा घासा, दुसरं बोट, परत अंगठा, असं करत करत पंधरा मिनिटांनी एकदाचं घेतलं. मी म्हटलं, "झालं काकू." तेवढ्यात स्क्रीन काळी. बॅटरी होती ४१ टक्के. एकेचाळीस! सूचना नाही, पिवळा त्रिकोण नाही, टुंग नाही, कोणी वायर उपटल्यासारखं. चार्जर लावायला शेजाऱ्यांची बेल वाजवली, परत सगळं सुरू केलं, आणि काकू बिचाऱ्या परत हात धुवायला गेल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, त्यांचा मुलगा मात्र माझ्या लॅपटॉपकडे असं बघत होता की मी रिक्षातून पडलेला उचलून आणलाय.

नंतर हे होतच राहिलं. कधी ४१ ला, कधी ३३ ला, एकदा ५६ ला. घरी नुसतं टायपिंग केलं तर होत नाही, बाहेर गेलं की होतं. मला कळायला वेळ लागला की बाहेर अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि डोंगल अशी तीन जणं एकदम यूएसबीवर बसतात आणि नेमकं फोटो काढायच्या वेळी ओढ वाढते.

कारण असं. ह्या सहा सेलच्या बॅटरीत दोन दोन सेलच्या तीन जोड्या असतात, जोडीतले दोन पॅरलल आणि तिन्ही जोड्या एकामागे एक सिरीजमध्ये. साखळीत एक जोडी जरी कमजोर निघाली तरी ओढ वाढली की तिचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि आतलं प्रोटेक्शन सर्किट सगळंच बंद करतं, बाकीच्या दोन जोड्यांत कितीही माल शिल्लक असो. मी पुढे रिपेअरवाल्याकडून ती बॅटरी उघडून घेतली तेव्हा मीटरवर दोन जोड्या ४.०८ आणि ४.०७ आणि तिसरी ३.६१. नुकतीच फुल चार्ज केलेली बॅटरी होती ती. सेलवर नाव नाही, नंबर नाही, नुसतं गुलाबी प्लॅस्टिक.

इथे एक साधी युक्ती सांगतो जी मला आधी माहिती असती तर बरं झालं असतं. वजन करा. ज्या सेलना १८६५० म्हणतात (१८ मिलीमीटर जाड, ६५ लांब, म्हणून ते नाव) तो चांगला असेल तर साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. माझी जुनी मेलेली ओरिजिनल बायकोच्या केकच्या काट्यावर ३२१ ग्रॅम भरली, मेली म्हणून वजन काही कमी होत नाही, आणि कॉम्पॅटिबल २६४. लेबलवर दोन्हीकडे तोच ४४०० एमएएच (किती माल मावतो त्याचं माप). ५७ ग्रॅम कुठे गेले ते तुम्हीच ठरवा. आणि सुट्या सेलवर ९९०० एमएएच वगैरे छापलेलं दिसलं तर सरळ पुढे चालायला लागा, ह्या साइजमध्ये चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच असतो. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर पासून सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा. माझ्यावर होतं की नाही ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं, नंतर बघितलं, नव्हतं.

सगळ्या कॉम्पॅटिबल अशाच असतात असं मी म्हणत नाही हं. माझ्या ओळखीत एकाची दोन वर्षं ठणठणीत चाललीय, दुसऱ्याची सहा महिन्यांत मेली. लॉटरी आहे, आणि चौदाशेत लॉटरी परवडत असेल तर ठीक आहे.

आता सेल बदलणं, ज्याला दुकानात रिसेलिंग म्हणतात. माझ्या जुन्या ओरिजिनलचं खोकं आणि आतला बोर्ड तोच ठेवून फक्त सहा सेल नवे. एकोणीसशे घेतले, त्यात सेल नावाजलेल्या कंपनीचे, २६०० एमएएचचे, मी स्वतः सुटे बघून, तेही काट्यावर ठेवून. हो, मी काटा घेऊन गेलो होतो. दुकानातलं पोरगं हसलं, मालक हसला नाही, तो म्हणाला, "बरोबर करताय काका, बघूनच घ्या."

बघण्यासारखं काम असतं ते. खोकं चिकटवलेलं असतं, शिवणीवरून पातळ पट्टी फिरवत फिरवत कडकड आवाज करत ते उघडतं, पाती जरा खोल गेली आणि सेलला लागली तर खेळ खलास, म्हणून घरी करू नका, यूट्यूब बघून तर अजिबात नको. जुने सेल निकेलच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, नव्यांना त्या स्पॉट वेल्डिंगने मारायच्या, टिक टिक अशा ठिणग्या. सोल्डरिंग गन घेऊन सेलच्या बुडाला डाग देणारा दिसला तर बॅटरी उचलून घरी या, उष्णतेने नवा सेल तिथेच अर्धा मरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्डाला उपाशी ठेवायचं नाही. बोर्डावर एक चिप असते जी सगळा हिशेब ठेवते, किती वेळा चार्ज झाली, किती माल मावतो, वगैरे, आणि काही बॅटऱ्यांत सेल काढताना तिचा पुरवठा तुटला किंवा तारा चुकीच्या क्रमाने काढल्या की ती स्वतःला कायमचं कुलूप लावून घेते. मग नवे सेल घालूनही बॅटरी दगड. माझ्या माणसाने आधी बाहेरून तेवढा व्होल्टेज जोडला आणि मग जुने सेल तोडले. मी काही न विचारता त्याने ते केलं तेव्हाच मला जरा धीर आला. तुम्ही मात्र आधी विचारा, "चिप लॉक झाली तर काय?" आणि तो "काही होत नाही हो" म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

तर बॅटरी घेऊन घरी आलो, फुल चार्ज केली आणि चार्जर काढला. तासाभरात टक्के सरसर उतरत ७ वर. मी कपाळाला हात लावला, एकोणीसशे गेले म्हटलं. फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर, "काका, बंद पडलाय का? नाही ना? मग चालू द्या." विंडोज स्वतःच हायबरनेटला जाऊ नये म्हणून ते सेटिंग बदललं आणि चालू दिला. ७ टक्के. चहा घेऊन आलो, ७ टक्के. एक पूर्ण करार टाइप करून झाला तरी ७ टक्के. दोन-सव्वादोन तास तो लॅपटॉप ७ टक्क्यांवर चालला, आणि मी लहान पोरासारखा दर पाच मिनिटांनी कोपऱ्यात बघतोय.

ह्याचं कारणही सोपं आहे. चिपला कोणी सांगितलेलंच नाही की घरात नवे सेल आलेत. ती आपली जुन्या वहीतला १३,९०० चाच आकडा धरून हिशेब करते, तेवढे खर्च झाले की म्हणते संपत आलं, पण व्होल्टेज तर अजून वर आहे, म्हणून शून्यही दाखवत नाही, मध्येच लटकून राहते. मग तिला शिकवावं लागतं. फुल चार्ज, दोन तास विश्रांती, मग बायोसच्या (विंडोज सुरू व्हायच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवर ठेवून पूर्ण बंद पडेपर्यंत उतरवायची (बायोसमध्ये एवढ्यासाठी की विंडोज मध्ये लुडबुड करत नाही), परत तीन-चार तास विश्रांती, परत न थांबता फुल. पहिल्या फेरीला माझा आकडा ३१ हजारांवर गेला, तिसऱ्या फेरीला ४९,८००, म्हणजे डिझाइनपेक्षाही जास्त, कारण सेलच मोठे घातलेत आणि डिझाइनचा आकडा जुनाच आहे. ह्यात माझा एक अख्खा रविवार आणि सोमवारची सकाळ गेली. ज्याला हा उद्योग नको असेल त्याच्यासाठी रिसेलिंग नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो.

दिसायलाही ती काही सुंदर नाही. शिवण डिंकाने चिकटवलीय, एका कोपऱ्यात अर्धा मिलीमीटर फट आहे, लॅच पहिल्यासारखा खटकन बसत नाही, अंगठ्याने दाबावा लागतो, आणि बाजूने पिवळ्या टेपचा तुकडा डोकावतो. वॉरंटी तोंडी, सहा महिने. कॉम्पॅटिबलला निदान वर्षाचं कार्ड होतं, आता ते कार्ड घेऊन मी कोणाकडे जाणार होतो हा भाग वेगळा.

बॅकअपच्या तासांत बघितलं तर दोघींत मला फार फरक वाटला नाही, ही तीन-सव्वातीन देते आणि ती चांगल्या दिवसांत पावणेतीन द्यायची, आणि सेल २६०० चे घातल्यावर एवढा फरक पडणारच. पैशात पाचशेचा फरक. कोणी नुसते हे आकडे बघून ठरवलं तर कॉम्पॅटिबलच घेईल, मीही तेच केलं होतं.

माझं पारडं झुकलं ते टक्क्यांच्या खोटेपणावर. खोटं दोघीही बोलल्या. एक बोलायची की माझ्याकडे एकेचाळीस आहेत आणि आत काही नाही, दुसरी म्हणायची माझ्याकडे सातच उरलेत आणि आत दोन तासांचा माल दडवलेला. दुसऱ्या खोट्याने माझं नुकसान काहीच झालं नाही, उलट शिकवल्यावर तेही बंद झालं, आता ती २० म्हणते तेव्हा २० असतात. पहिलीला शिकवून बघितलं, दोनदा, उपयोग शून्य, कारण तिथे वही चुकलेली नव्हती, तिजोरीच फुटकी होती. माझ्या धंद्यात समोर मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार बसलेले असतात, चार माणसांचा वेळ जमवून आणलेला असतो, तिथे मला तास नकोत, मला शब्द पाळणारा आकडा हवा. तुम्ही घरी सिनेमे बघत असाल तर तुम्हाला ह्याचं काही वाटणारही नाही.

रिसेलिंग करून आता चौदा महिने झाले. रिपोर्टमध्ये आकडा ४६ हजारांवर आलाय. चार्जिंगची मर्यादा ८० वर लावून ठेवलीय, कामाच्या दिवशी सकाळी फक्त १०० करतो, आणि सॅक उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवत नाही, पूर्वी बिनदिक्कत ठेवायचो.

अजून एक, चपट्या पाउचवाल्या बॅटऱ्या, ज्या हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये मागचं झाकण उघडून स्क्रूने बसवलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत मी जे वर लिहिलंय ते धरू नका. त्यात गोल सेल नसतात, त्याच मापाचे चांगले पाउच सुटे मिळणं अवघड, आणि पातळ पिशवीला टोक लागलं की धूर. तिथे ओरिजिनल, नाहीतर बीआयएसवाली जरा महागातली कॉम्पॅटिबल, तेही परत घेणाऱ्या दुकानातून, आणि घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी यूएसबी यंत्रं लावून, ब्राइटनेस फुल करून, बॅटरी निम्म्याखाली गेल्यावर चांगली ताणून बघा. परत करायची मुदत असते तोवरच काय ते कळायला हवं.

जुने सेल मी रिपेअरवाल्याकडेच सोडले, त्याच्याकडे ई-कचऱ्याचा डबा होता. ती गुलाबी सेलवाली मात्र त्याने घ्यायला कुरकुर केली, मग टर्मिनलवर टेप लावून सोसायटीत ई-कचरा गोळा करायला आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय खरी, पण तिच्यावर उत्पादकाचं नावच नव्हतं. घंटागाडीत टाकू नका एवढंच, गाडीत दाबली गेली की पेट घेते.

भाच्याने मागच्या महिन्यात सेकंडहँड घेतला, चपट्या बॅटरीवाला, तीही बसलेलीच. त्याला मी कॉम्पॅटिबलच घेऊन दिली, बाविसशेची, काटा लावून. तसाही तो चार्जर कधी काढतच नाही.